जयेंद्रगंजातील दोन कपाटे

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजात राहणाऱ्या एका काकूंचे पत्र आम्हांस गेल्या नोव्हेंबरात आले. काकू ऐंशी ओलांडलेल्या, हयातभर शाळेत शिकवलेल्या, आणि आमचे सीमाप्रश्नावरील लेख दुरून वाचून त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका न चुकता कळवणाऱ्या. या खेपेस मजकूर निराळा होता. घर विकले होते. फेब्रुवारीत त्या मुलाकडे बंगळुरूस कायमच्या जाणार होत्या. घरात सासूबाईंच्या वेळेपासून साठत आलेली मराठी पुस्तकांची दोन भरगच्च कपाटे होती आणि मुलाच्या सदनिकेत आजीच्या पुस्तकांसाठी एक फळी राखून ठेवली होती. मोजून दहा पुस्तके राहतील एवढी. ती दहा निवडायला या, असे त्यांनी लिहिले होते. अट एकच: कथा-कादंबऱ्या नकोत. चौदा वर्षांच्या नातीने विचारले आहे, "आजी, आपण नेमके कुठले?" तिच्या हाती उत्तर म्हणून ठेवता येतील अशी माणसांची आयुष्ये हवीत, आत्मचरित्रे आणि चरित्रे.

हा प्रश्न सीमाभागातील मराठी माणसाच्या परिचयाचा आहे. आमच्याकडे तो कचेरीच्या खिडकीपलीकडून विचारला जातो आणि त्याचे उत्तर आम्ही निवेदनांच्या भाषेत देतो. येथे तो एका मुलीने आपल्या आजीला विचारला होता आणि निवेदनाने भागण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही निघालो.

बेळगावात सायंकाळी गोवा एक्स्प्रेस धरली की गाडी न बदलता ग्वाल्हेर गाठता येते. दुसऱ्या रात्री झाशी मागे पडते आणि उजाडण्यापूर्वी ग्वाल्हेर येते. डिसेंबरातल्या त्या थंडीची आम्हां दक्षिणेकडच्या लोकांना कल्पना नसते. कानटोपीवाचून उतरलो याचा पश्चात्ताप इंदरगंजच्या चौकापर्यंत पुरला. सोबत बेळगावचा कुंदा होता. काकूंनी तो देवापुढे ठेवला आणि आमच्या हातात मुरैनाची गजक दिली. मग चहा होण्याच्या आधीच म्हणाल्या, "भाऊ, ही अलमारी सासूबाईंची आणि ती माझी. दोन्ही उघड्याच ठेवल्यात."

काकू कपाटाला अलमारी म्हणतात. आमच्या बोलण्यात कानडी मिसळते तशी त्यांच्या बोलण्यात हिंदी मिसळते, आणि दोघांनाही दुसऱ्याचेच मिसळणे आधी ऐकू येते.

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास उज्जैनीहून येऊन किल्ल्याखाली छावणी टाकली. ती पुढे उठलीच नाही. तिचे शहर झाले आणि नाव 'लष्कर' असेच राहिले. जयेंद्रगंज त्या लष्करचा एक भाग. आज तेथे दुकानांच्या पाट्या हिंदीत आहेत, जुन्या वाड्यांच्या जागी व्यापारी संकुले आहेत, आणि मराठी आडनावे बहुधा वकिलांच्या नाहीतर डॉक्टरांच्या फलकांवर उरली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी ग्वाल्हेर ज्या मध्य भारत राज्यात होते ते मध्य प्रदेशात विलीन झाले. आम्ही तो काळा दिवस म्हणून पाळतो. काकूंच्या शाळेत त्या दिवशी राज्याच्या स्थापनेचा समारंभ होत असे आणि मुलांना लाडू वाटण्याचे काम त्यांच्याकडे असे. हे त्यांनी सहज सांगितले. आम्ही गजक खात राहिलो.

पहिला वाद काकूंच्या कपाटापाशीच झाला. मधल्या खणात 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'मृत्युंजय' ओळीने उभी होती. 'स्वामी'च्या तर दोन प्रती. काकूंच्या लेखी ही सगळी चरित्रे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हा समज आम्ही सर्वत्र पाहिला आहे, आणि सीमाभागातही तो कमी नाही. आम्ही म्हटले, या कादंबऱ्या आहेत. माधवराव पेशवे रमाबाईंशी खोलीत काय बोलले हे रणजित देसायांना ठाऊक असण्याचे कारण नाही. काकू म्हणाल्या, "पण खरं वाटतं ना?" खरे वाटते, हीच तर अडचण आहे. मुलगी 'आपण कुठले' असे विचारते आणि आपण तिला पालख्या, तलवारी आणि सुंदर संवाद देतो. तिला वाटेल, आपण सारे शनिवारवाड्यातून आलो. काकूंचे पूर्वज पागेचे हिशेब लिहीत होते, आणि ही गोष्ट त्यांनीच आम्हांस सांगितली होती.

येथे आम्ही एक पुस्तक सुचवले, जे कपाटात नव्हते. रणजित देसायांचे कोवाड आमच्या बेळगावपासून जवळ, चंदगड तालुक्यात. त्यांच्याशी झालेल्या संसाराची आणि तो विस्कटल्याची कहाणी माधवी देसाई यांनी 'नाच गं घुमा'मध्ये लिहिली. पुढे त्यांचे वास्तव्य बेळगावात होते. 'स्वामी' ज्या घरात दोनदा विकत घेतली गेली त्या घरात हे एकदाही आले नाही. काकूंनी नाव टिपून घेतले, पण दहांत घ्यायला त्या राजी झाल्या नाहीत. नात चौदा वर्षांची आहे, असे म्हणाल्या. आम्ही आग्रह धरला नाही. आपल्या वाचकांपैकी ज्यांची वये चौदाहून अधिक आहेत त्यांनी मात्र ते वाचावे.

सासूबाईंचे कपाट उघडले आणि आमचा सूर बदलला. खालच्या खणात न. चिं. केळकरांचे टिळक-चरित्र, तीन जाडजूड खंड. वर रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी', १९१० चे पुस्तक, पुढे केव्हातरी पुन्हा छापलेली प्रत. त्याच्या शेजारी दत्तात्रेय बळवंत पारसनीसांनी लिहिलेले बायजाबाई शिंद्यांचे चरित्र, आणि मागे, आडवे पडलेले, विष्णुभट गोडसे वरसईकरांचे 'माझा प्रवास'.

गोडसे भटजींचे पुस्तक आपणांपैकी पुष्कळांनी शाळेत धड्यापुरते वाचले असेल. ते संपूर्ण वाचावे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब ब्राह्मण १८५७ साली घरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेस निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, भरपूर दक्षिणा मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत पोचली होती. महूला पोचतो न पोचतो तोच बंड उसळले. पुढची दोन-अडीच वर्षे तो ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट असा हिंडला, पुनःपुन्हा लुटला गेला, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड तेवढी घेऊन परतला. झाशी पडली तेव्हा तो शहरात होता. हा इतिहासकार नव्हे, शूर तर मुळीच नव्हे. भीती वाटली की भीती वाटली असे लिहितो, जेवण चांगले मिळाले की तेही लिहितो. दक्षिणेचा आकडा तर तो कधीच विसरत नाही. म्हणूनच त्याच्या सांगण्यावर विश्वास बसतो. झाशीच्या राजवाड्यातील ग्रंथालयाची गोऱ्या शिपायांनी केलेली नासधूस त्याने ज्या हळहळीने सांगितली आहे, ती आम्हांस त्या दोन उघड्या कपाटांपुढे उभे असताना विशेष बोचली.

या पुस्तकाची आणखी एक गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. सरकारच्या रोषाच्या भीतीने ते हस्तलिखित वर्षानुवर्षे छापले गेले नाही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते प्रसिद्ध केले. हे वैद्य म्हणजे ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश राहिलेले गृहस्थ. न्यायाधीशाच्या हाताने त्यांनी भटजींची भाषा पुसूनपासून सभ्य केली आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली नवी आवृत्ती काढली तेव्हा कुठे खरे गोडसे बोलू लागले. सासूबाईंची प्रत वैद्यांची होती. आम्ही काकूंना म्हटले, भावनेने हीच जवळ ठेवा, पण नातीला पोतदारांची द्या. यावर काकूंनी विचारले, मग फळीवर एक जागा जाईल की दोन? एक, असे ठरले. वैद्यांची प्रत आमच्या पिशवीत आली.

पारसनीसांच्या बायजाबाईंविषयी आम्ही पक्षपाती आहोत, हे आधीच कबूल करतो. बायजाबाई कागलच्या, सर्जेराव घाटग्यांची कन्या. निपाणीहून कोल्हापूरकडे निघालो की काही वेळात जे कागल लागते तेच हे. तेथील मुलगी १७९८ साली दौलतरावांशी लग्न होऊन शिंद्यांच्या घरात गेली, नवऱ्यामागे १८२७ पासून सहा वर्षे तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, दत्तक मुलाच्या पक्षाने बाहेर काढल्यावर वर्षानुवर्षे छावणीतून छावणीत फिरली, आणि अखेर ग्वाल्हेरीस परत येऊन १८६३ साली तेथेच वारली. काशीच्या ज्ञानवापीवरील मंडप तिने बांधवला. फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला विजनवासात भेटली आणि तेथील मराठी स्त्रियांच्या घोडदौडीने चकित होऊन गेली. इतके ऐवजदार आयुष्य. आणि पारसनीसांचे पुस्तक मात्र ठिकठिकाणी साहेबांच्या प्रशस्तिपत्रांपाशी अडते. १९०२ साली लिहिणाऱ्याला तो आधार घ्यावासा वाटला असेल. वाचकाने अशी पाने भरभर उलटावीत. बायजाबाईंवर आजच्या मराठीत, मोडी दफ्तरे चाळून, कोणीतरी मोठे चरित्र लिहायला हवे. सीमाभागातल्या एखाद्या मुलीने ते लिहिले तर आम्हांस अधिक आनंद होईल.

काकूंना कागलचा हा धागा नवा होता. "म्हणजे आमच्या महाराणी तुमच्याकडच्या?" असे त्यांनी दोनदा विचारले. त्या क्षणाचा लाभ घेऊन आम्ही कागलचेच दुसरे पुस्तक पुढे केले, जे आम्ही बेळगावहून सोबत आणले होते: आनंद यादवांची 'झोंबी'. १९८७ साली निघालेल्या आणि १९९० साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकाला पु. ल. देशपांड्यांची प्रस्तावना आहे, म्हणून काकूंनी ते हातात तरी घेतले. राणीचे कागल आणि कुळाच्या पोराचे कागल एकाच फळीवर शेजारी राहावे, असा आमचा हट्ट होता. शाळेत जाण्यासाठी बापाशी झगडणारा, मोटेमागे चालत पाठांतर करणारा तो मुलगा. आणि त्याची भाषा कागलची, म्हणजे आमच्या कानांवर रोज पडणारी. पुण्यामुंबईच्या वाचकाला त्यातले काही शब्द अडतात. निपाणीच्या वाचकाला त्यांतला एकही अडणार नाही. मराठी म्हणजे पुण्याची मराठी, हे ओझे सीमाभागातील मुले जन्मभर वागवतात. ज्याला ते उतरवायचे असेल त्याने 'झोंबी' वाचावी. यादवांनी पुढे 'नांगरणी', 'घरभिंती' आणि 'काचवेल' असे भाग लिहिले. ते चांगले आहेत, पण पहिल्याची धग त्यांत नाही.

दुपारी आम्ही फूलबागेत राणी लक्ष्मीबाईच्या समाधीपाशी जाऊन आलो. तिचे मराठीतील पहिले भरीव चरित्रही पारसनीसांचेच, १८९४ चे. भा. रा. तांब्यांनी याच समाधीवर कविता लिहिली आणि ते स्वतःही १९४१ साली याच शहरात वारले. परतताना काकूंच्या मुलीचा मुलगा सोबत होता, ग्वाल्हेरीतच वाढलेला, सोळा वर्षांचा. त्याला तांबे ठाऊक नव्हते. मुक्तिबोध ठाऊक होते, कारण ते हिंदीच्या पुस्तकात आहेत. ते मराठी घरातले होते हे ऐकून तो थबकला.

आणि येथे आम्हांस एक गोष्ट जाणवली, जी बोलल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांनी आपली आयुष्ये लिहिली नाहीत असे नाही. ती मराठीत लिहिली नाहीत. प्रभाकर माचवे ग्वाल्हेरचे, मराठी घरातले; लेखन मुख्यत्वे हिंदीत, आणि आठवणी लिहायला बसले ते इंग्रजीत. राजमाता विजयाराजे शिंद्यांचे आत्मकथनही १९८५ साली आले ते इंग्रजीत, आणि ते शब्दांत उतरवणारे मनोहर माळगावकर कोठे राहत होते? आमच्या कारवार जिल्ह्यात, जोयडा तालुक्यातल्या जगलबेटच्या रानात. ग्वाल्हेरची राणी आणि सीमाभागातला मराठी घरचा लेखक दोघे मिळून आयुष्याची गोष्ट सांगतात, आणि ती इंग्रजीत. आम्ही यात कोणाचा दोष काढत नाही. माळगावकर इंग्रजीचेच लेखक होते आणि पुस्तक वाचनीय आहे. आमच्या बेळगुंदीशी नाते असलेल्या काका कालेलकरांनी बेळगाव-कारवारच्या बालपणाच्या आठवणी, ती सुरेख 'स्मरणयात्रा', लिहिली ती गुजरातीत. धारवाडच्या बेंद्र्यांची घरची भाषा मराठी आणि कविता कानडी. सीमेवरचा मनुष्य ज्या भाषेत ऐकणारे असतात त्या भाषेत बोलतो. मराठीत ऐकणारे टिकवणे हे काम कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून आम्ही काकूंच्या यादीत बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आग्रहाने घातले. १८८८ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतील अगदी सुरुवातीच्या छापील आत्मचरित्रांपैकी आहे, आणि त्याचा नायक बेळगावात जन्मला. ज्या शहरात मराठी होती की नव्हती यावर आज वाद घातले जातात, त्या शहरातील बालपण, सणवार, शाळा, घरची पूजा, मिशनऱ्यांची शाळा आणि १८५४ साली तेथेच घेतलेली ख्रिस्तदीक्षा हे सारे त्यात मराठीत नोंदलेले आहे. आम्ही सभांतून जुने दाखले, शिलालेख, शाळांचे आकडे मांडतो. हे पुस्तक कोणी पुढे करीत नाही. कदाचित धर्मांतराची कथा असल्यामुळे आपल्याच लोकांना ते अडचणीचे वाटत असेल. काकूंना प्रथम ते रुचले नाही. "मुलीला हे का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, काकू, सासूबाईंच्या कपाटात 'स्मृतिचित्रे' आहेच की.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी मात्र वाद नव्हता. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेले ते पुस्तक काकूंना जवळपास पाठ होते. १८५७ च्या बंडात नात्यातील वडीलधाऱ्याला फाशी झाल्यावर ज्यांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले ते लक्ष्मीबाईंचे वडील, हातचे पैसे भलत्यालाच देऊन येणारा कवी नवरा, नाशिकपासून राजनांदगावपर्यंतची ओढाताण, आणि या सगळ्यावर स्वतःलाच हसणारी ती बाई. रमाबाई रानड्यांचे पुस्तकही चांगले. इंग्रजी शिकते म्हणून घरच्या बायकांचे टोमणे सोसणाऱ्या मुलीची हकिकत त्यात आहे. पण रमाबाई नवऱ्याच्या सावलीतून बाहेर येऊन बोलत नाहीत, लक्ष्मीबाई नवऱ्याशी भांडत भांडत बोलतात. एकच घ्यायचे असेल तर लक्ष्मीबाई. काकूंनी दोन्ही घेतली. सासूबाईंची सही रमाबाईंच्या पुस्तकावर होती.

दोन्ही कपाटे पाहून झाल्यावर आम्ही एक गोष्ट काकूंना संकोचाने सांगितली. या कपाटांत १९७५ नंतरचे जवळजवळ काही नव्हते, आणि जे होते त्यात एकही दलित आत्मकथन नव्हते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. त्यानंतरच्या दहा वर्षांत मराठी आत्मचरित्र इतके बदलले की आधीच्या पुष्कळ पुस्तकांतील मौन आता मोठ्याने ऐकू येते. काकू काही वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "इकडे ती पुस्तकं कोणी आणलीच नाहीत, भाऊ. आणि आम्ही मागवलीही नाहीत." असे स्पष्ट बोलणारी माणसे आम्हांस थोडी भेटली आहेत. आमच्या गावच्या एका वाचनालयातही ही पुस्तके मागच्या फळीवर असत, आणि आम्ही तेथे कित्येक वर्षे सभासद असून कधी विचारले नव्हते.

तेव्हा दोन पुस्तके विकत घ्यायची ठरली. एक बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', १९८६ चे. किराणा बांधून आलेले कागद वाचत या बाईंनी वाचनाची भूक भागवली आणि आपले लिखाण वर्षानुवर्षे घरात लपवून ठेवले. त्या 'मी' कमी म्हणतात, 'आम्ही' अधिक. एका बाईच्या तोंडून सबंध वस्ती बोलते. दुसरे शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी', १९८४ चे. हे अक्कलकोट तालुक्यातले, म्हणजे आमच्याच सीमेवरचे, जेथे मराठी आणि कानडी एकाच गल्लीत नांदतात. 'आपण कुठले' या प्रश्नाला बापाचे नावच मिळत नाही तेव्हा काय होते, ते या पुस्तकात आहे. सीमाप्रश्नाच्या सभेत आपण सारे एकमुखाने 'आम्ही मराठी' म्हणतो. त्या 'आम्ही'त कोण कोण होते आणि कोणाला दाराबाहेर उभे केले होते, हे पाहायचे तर ही दोन्ही वाचावीत. आंबेडकरांचे धनंजय कीरांनी लिहिलेले चरित्रही आम्ही सुचवले. बाबासाहेब जन्मले ते महूला, १८९१ साली, गोडसे भटजींनी जेथे बंडाची वार्ता ऐकली त्याच छावणीत. मराठी माणसाच्या उत्तरेतील वाटा दक्षिणा मागणाऱ्याच्या होत्या तशा पलटणीतल्या सुभेदाराच्याही होत्या.

गाण्याविषयी ग्वाल्हेरीत न बोलणे अशक्य. बा. र. देवधरांचे 'थोर संगीतकार' काकूंच्या कपाटात होते आणि ते निर्विवादपणे यादीत गेले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरीस जाऊन वासुदेवबुवा जोशांकडे शिकले आणि ती गायकी घेऊन कृष्णाकाठी परतले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. आणि ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ १९२२ साली वारले तेही कुरुंदवाडासच. कागलने मुलगी दिली आणि ग्वाल्हेरने गाणे दिले, असा हिशेब आम्ही मांडला. काकूंनी तो फेटाळला. देण्याघेण्याचा हिशेब लग्नात करतात, गाण्यात नाही, म्हणाल्या.

रात्री नात आली. सुटीसाठी बंगळुरूहून आईबरोबर आली होती. आम्हांस खरे तर धास्ती होती. शाळेत इंग्रजी, दुसरी भाषा कानडी, तिसरी हिंदी. घरी मराठी, ती जेवणापुरती. काकूंनी दोन्ही नातवंडांना जवळ बसवले आणि 'झोंबी'चे एक पान प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेतले. ही आमचीच कसोटी होती: जे चरित्र मोठ्याने वाचून दाखवता येत नाही ते या फळीसाठी नको. ग्वाल्हेरच्या नातवाने भरभर वाचले, हिंदीमुळे लिपी हातची. पण 'काळा' आला की 'काला', 'मळा' आला की 'मला'. मळ्यात जायचे ते स्वतःकडेच जाऊ लागले आणि सगळे हसले. नात अडखळत वाचत होती, एकेक अक्षर जोडत. मात्र 'मळा' आला आणि तिच्या तोंडून स्वच्छ, जिभेचे टोक मागे वळवून, 'मळा' उमटला. काकूंनी तिला पुन्हा म्हणायला लावले. तिने पुन्हा तसेच म्हटले.

हा ळ तिला कानडीने दिला होता. कानडीत तो आहे, हिंदीत नाही. ज्या सक्तीविरुद्ध आम्ही मोर्चे काढले, ज्या पाट्यांवरून आमच्यातल्या कित्येकांनी काठ्या खाल्ल्या, त्याच भाषेच्या शाळेत या मुलीची जीभ मराठीसाठी शाबूत राहिली होती. सक्तीविषयीचे आमचे मत याने बदललेले नाही. सक्ती ही सक्तीच. पण भाषा आणि सक्ती या दोन गोष्टी आहेत, हे आम्ही व्यासपीठावरून म्हणत आलो होतो. त्या रात्री ते प्रथमच कानांनी ऐकले. तिच्या आईला आम्ही सांगितले की कानडी मन लावून शिकू द्या. ती आमच्याकडे संशयाने पाहू लागली. सीमावाद्यांकडून तिने ही अपेक्षा केली नसावी.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. पोतदारांचे 'माझा प्रवास', बायजाबाई, 'झोंबी', 'अरुणोदय', 'स्मृतिचित्रे', रमाबाई, 'जिणं आमुचं', 'अक्करमाशी', 'थोर संगीतकार'. नऊ. केळकरांचे तीन खंड काकूंनी उचलून पाहिले आणि परत ठेवले. टिळकांविषयी आदर असूनही फळीचा विचार करावा लागतो. दहावी जागा कीरांच्या आंबेडकरांना द्यावी असे आम्ही सुचवले. काकू उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' घेऊन आल्या. पुठ्ठा सुटलेला, पानांना तेलाचे डाग.

आम्ही म्हटले, काकू, हे पाकपुस्तक आहे.

त्यांनी ते उघडून आमच्यापुढे धरले. समासात पेन्सिलीने, शाईने, निळ्या बॉलपेनने, चाळीस-पन्नास वर्षांचे बारीक अक्षर. इकडच्या गव्हाला पाणी कमी लागते. सासूबाईंना सोसले नाही, मिरची निम्मी. ह्यांची बदली रद्द, म्हणून केले. एका पानावर कर्फ्यू, बेसनावर भागवले. अनारशांच्या पानावर फक्त एक तारीख आणि पुढे 'बाबा गेले'. पुरणपोळीच्या समासात मुलाचे नाव आणि 'पहिला पगार'. सासूबाईंच्या शेवटच्या आजारातील पेजेचे प्रमाण.

आम्ही ते दहावे म्हणून लिहिले. कीरांचा आंबेडकर आम्ही नातीच्या वाढदिवसाला बेळगावहून पाठवणार आहोत. फळीवर बसला नाही तर तिने उशाशी ठेवावा, असे काकूंचे म्हणणे आहे. उरलेल्या पुस्तकांच्या चार पेट्या शहरातल्या दोन मराठी घरांनी वाटून घेतल्या. केळकरांचे तिन्ही खंड आमच्यासोबत गोवा एक्स्प्रेसने आले आणि भोपाळपर्यंत एका सहप्रवाशाने ते उशाला घेतले होते.